‘नाही’ला टिक केली आणि हप्ता थांबला

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून होणाऱ्या ऑनलाइन ओळख पडताळणीत, एक प्रश्न होता. त्याचा आशय असा: ‘माझ्या कुटुंबातील कोणीही सदस्य नियमित किंवा कायम कर्मचारी म्हणून शासकीय सेवेत कार्यरत नाही.’ खाली दोन पर्याय, होय आणि नाही.

आता हाच प्रश्न एखाद्या बाईला तोंडी विचारा. ‘घरात कोणी सरकारी नोकरीत नाही ना?’ ती म्हणणार, ‘नाही हो, कोणी नाही.’ आणि बोट जाणार ‘नाही’वर. फॉर्मच्या हिशेबात त्याचा अर्थ होतो, घरात सरकारी नोकर आहे. बाई अपात्र, 1500 रुपये बंद. अशी उत्तरं इतकी आली की पुढे अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी करून घ्यायची वेळ आली. खोटं कोणी बोललं नव्हतं, वाक्यच उलटं होतं.

असा फॉर्म, मेसेज किंवा नोटीस तुम्ही लिहीत असाल, तर फॉर्मवरचा उपाय साधा आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर कुणाचे पैसे अडणार आहेत, त्यात नकार ठेवू नये. शिवाय होय-नाहीऐवजी पर्यायातच पूर्ण वाक्य द्यावं: ‘घरात कायम सरकारी नोकर आहे’ आणि ‘घरात कायम सरकारी नोकर नाही’. ‘कायम’ हा शब्द गाळू नका. नवरा जिल्हा परिषदेत कंत्राटी ड्रायव्हर असेल आणि घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर ती बाई पात्र आहे. पण तो शब्द सुटला की ती ‘आहे’वरच बोट ठेवणार.

मेसेजची गोष्ट वेगळी. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं बसतात आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘अंगणवाडी’ दिसायला पाच अक्षरी, मोजायला आठ. ‘सदर योजनेच्या अनुषंगाने’ लिहिलं की तिसरा हिस्सा तिथेच संपला. त्याऐवजी हे बघा:

‘ई-केवायसी 31 डिसेंबरपर्यंत करा. नाहीतर हप्ता थांबेल. मदत: अंगणवाडी.’

एका मेसेजात बसतं. काय करायचं, कधीपर्यंत, नाही केलं तर काय, कुणाकडे जायचं, सगळं आलं. लिंक मुद्दाम नाही. सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बनावट साइट भरपूर आहेत आणि मेसेजातली लिंक उघडायची सवय आपणच लावायला नको.

नोटिशीत जागा असते, तिथे कारवाईचा शब्द नेमका हवा. स्थगित, अपात्र, वसुली या तिन्हींचं गावात ‘पैसे बंद झाले’ असं एकच भाषांतर होतं. म्हणून सरळ लिहा: हप्ता थांबला आहे, नाव यादीतून काढलं आहे, की मिळालेले पैसे परत मागणार आहोत. आणि जे वाक्य जवळजवळ प्रत्येक नोटिशीत राहून जातं तेही लिहा: कागद दिल्यावर मधल्या महिन्यांचे पैसे मिळतील की बुडतील? हे माहीत नसलं की माणूस एक तर घाबरून एजंटाला पैसे देतो, नाही तर ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसतो.

अपवाद तळटिपेत टाकू नका. ई-केवायसीत पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी जात होता. पती आणि वडील दोघेही हयात नसतील तर? मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय झाली, पण ती ओळ ओटीपीच्या ओळीला लागूनच हवी. ओटीपीपाशी अडलेली विधवा पान उलटून खाली बघत नाही.

छापण्याआधी मजकूर लाभार्थी बायकांपैकी एकीला वाचून दाखवा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. ‘मग उद्या कुठे जाल, काय काय घेऊन?’ असं विचारा.