केळ्याची कुरकुरीत भजी आणि नारळरसाचं डिप: चवथीनंतरची नोंद

मंडळी, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची चौकट, उतरवली की दरवर्षी हाच प्रश्न, एवढ्या केळ्यांचं करायचं काय. शेजारीपाजारी वाटून झाली, प्रसाद देऊन झाला, तरी फण्या उरतातच आणि सगळ्या एकाच वेळी पिकतात. म्हणून यंदा ठरवून हाच मोसम निवडला, कारण प्रयोग करायला माल भरपूर आणि खाणारी माणसंही घरात भरपूर. मागच्या नोंदीत पिठाच्या प्रमाणापर्यंत आले होते, आता फळ, तेल आणि डिप तिन्ही बऱ्यापैकी जाग्यावर बसलंय म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मला नेमकं काय हवंय ते सांगते म्हणजे वाचताना गोंधळ नको. आपली नेहमीची केळ्याची भजी, म्हणजे कुस्करलेलं केळं, कणीक किंवा मैदा, गूळ घालून सोडलेली, ती वेगळी. इंत्रुजाच्या (कार्निव्हालच्या) दिवसांत ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे फिलोज, म्हणजे केळ्याचे तळलेले गोड वडे, होतात तेही मऊच, आणि ते मऊच चांगले लागतात. मला हवाय केळ्याचा अख्खा काप, वर पातळ कडक कवच जे ताटात दहा मिनिटं बसलं तरी कडक राहील, आत केळं जवळजवळ शिऱ्यासारखं मऊ, आणि सोबत थंडगार दाट डिप. केरळातली पळंपोरी याच्या जवळची, इंडोनेशियातला पिसांग गोरेंग त्याहून जवळचा, कारण तिथे तांदळाचं पीठ वापरतात.

इतकं करून बघितल्यावर मला पक्कं वाटायला लागलंय की सगळा खेळ पाण्याचा आहे. केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी, अननसात ८५ च्या वर, आंब्यात ८३ च्या आसपास. तेलात पडलं की हे पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं, आणि वाटेत आपलं कवच. वाफेला निघून जायला वाट मिळाली तर कवच कडक, कवचातच अडकली तर पाच मिनिटांत लिबलिबीत. त्यात आपली गोव्याची हवा, भाद्रपदात बाहेरच एवढा दमटपणा की पापडसुद्धा उघडा ठेवता येत नाही.

आता फळ. सालदाटी केळी या कामाला सगळ्यात बरी, गर घट्ट असतो, तेलात आकार सोडत नाही. रसबाळी खायला गोड पण तळायला फार मऊ, तिचा काप पिठात बुडवतानाच चमच्याला चिकटतो. वेलची केळी लहान, ती अख्खीच उभी चिरून घेतली तर छान दिसतात पण गोडी जास्त असल्यामुळे लवकर काळपटतात. मयंडोळीवर मात्र माझा खास जीव आहे, बार्देशातल्या मोयराची ती लांबलचक केळी, २०२१ ला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालेली. लोक त्यांचा हलवा करतात, पण जाडसर तिरके काप करून तळून बघा, आतला गर इतका सुरेख शिजतो की साखरेची गरजच वाटत नाही. महाग पडतात आणि सारखी मिळत नाहीत एवढंच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मात्र डोळे उघडे ठेवून फिरलं तर मिळतात, आणि विकणाऱ्या बायकांना फक्त सांगायचं की तळायला हवीत, त्या बरोबर घड निवडून देतात. मला एकीने हाताने दाबून दाखवलं आणि म्हणाली, "बाय, हीं फाल्यां खावपाक जातलीं, तुका तळपाक आज जाय." तेच सूत्र मी धरलंय, खायला उद्या होईल ते केळं तळायला आज घ्यायचं. साल पूर्ण पिवळी, देठाकडे किंचित हिरवट, काळा ठिपका एकही नाही. जास्त पिकलं की पिष्टाची (स्टार्चची) साखर झालेली असते, मग ती बाहेर झिरपते, तेलात जळते आणि काप तेलही जास्त पितो.

काप तिरका, एक सेंटिमीटर जाड. याहून पातळ केला तर आत मऊपणाच उरत नाही, जाड केला तर मधला गर गरम व्हायच्या आत कवच करपतं. चिरल्यावर काप स्वच्छ सुती फडक्यावर पसरून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवते. वरचा ओलसर चकाकणारा थर जाऊन बोटाला किंचित चिकट लागायला लागला की झालं. मग कोरड्या तांदळाच्या पिठात हलकेच घोळवून झटकायचं. ही पायरी गाळू नका, पीठ फळाला धरून राहतं ते याच्यामुळे. नाहीतर तळल्यावर कवच वेगळं आणि केळं वेगळं, मधे पोकळी.

पीठ. २०० ग्रॅमचा हिशेब देते. १०० ग्रॅम तांदळाचं पीठ, ५० कॉर्नफ्लोअर, ५० मैदा, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर. तांदूळ सुरय, म्हणजे न उकडलेलाच घ्या, उकड्याचं पीठ नको, उकड्यातलं पिष्ट आधीच शिजलेलं असतं त्यामुळे ते थंड पाणीही भराभर ओढतं आणि मिश्रण घट्ट होत जातं. मैदा निव्वळ चिकटण्यापुरता, एकदा मैदा पूर्ण काढून केलं होतं तर कवच काचेसारखं झालं पण काठावरून सुटत होतं, म्हणून ५० वर थांबले. साखर पिठात अजिबात नाही. गोडवा हवा तर फळात आहे आणि डिपमध्ये आहे, पिठात साखर घातली की रंग आधी येतो आणि कडकपणा मागे राहतो.

मोहन घालते ते घाण्याच्या खोबरेलाचं, एक मोठा चमचा, कोरड्या पिठात चोळून. याचं कारण सांगते. घाण्याचं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धूर सोडायला लागतं आणि मला शेवटी १८५ पर्यंत जायचं असतं, म्हणजे तळणीला ते चालत नाही. पण वास तर खोबरेलाचाच हवा, त्याशिवाय ही भजी गोव्याची वाटत नाहीत. मोहनातून तो वास मस्त उतरतो आणि तळायला रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल घेता येतं. थंड सोडा वॉटरमध्ये खोबरेल गोठतं म्हणून आधी कोरड्यात चोळायचं, नंतर वरून ओतायचं नाही.

पातळ करायला बर्फासारखा थंड सोडा १८० मिली आणि दोन मोठे चमचे काजू फेणी. फेणीवर काहींच्या भुवया वर जातील पण कारण साधं आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाण्याच्या कितीतरी आधी, त्यामुळे ते झटकन उडतं आणि कवचात बारीक बारीक छिद्रं ठेवून जातं, शिवाय मैद्यातलं ग्लुटेन अल्कोहोलमध्ये नीट तयार होत नाही म्हणून चिवटपणा येत नाही. फेणीत ४० टक्क्यांच्या वर अल्कोहोल असतं म्हणून एवढीशी पुरते. उन्हाळ्यात हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची सौम्य दारू) असतो तेव्हा तो वापरायचा मोह होतो पण त्यात अल्कोहोल फारच कमी, फरक पडत नाही. मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी मी वेगळं भांडं करते, त्यात फेणीच्या जागी तेवढाच सोडा, कवच थोडं कमी खुसखुशीत होतं पण चांगलंच लागतं. सोडा ओतल्यावर चार-पाचदाच ढवळायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, आणि भांडं बर्फाच्या परातीत ठेवायचं.

तळणी दोनदा, आणि यावर मी अडून बसणार. पहिली १६० ते १६५ अंशांवर दोन मिनिटं. काप सोडला की सुरुवातीला मोठे फुगे येतात आणि आवाज भरभरून येतो, मग हळूहळू फुगे लहान होतात, आवाज बारीक होत जातो, काप हलका होऊन झाऱ्यावर सरकायला लागतो. त्या क्षणी काढायचं, रंग अजून फिकटच असतो. जाळीवर पाच मिनिटं ठेवायचं, एवढ्यात आतलं पाणी कवचाकडे येतं. मग तेल १८५ वर नेऊन तीस-चाळीस सेकंद, ते आलेलं पाणी उडवून लावायचं आणि रंग आणायचा. कढईत एका वेळी पाचच्या वर काप नको, एक लिटर तेल असलं तरी तापमान धाडकन उतरतं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका, तळाशी जाऊन दोन सेकंदांनी वर आला तर पहिल्या तळणीचं तेल, टाकल्या टाकल्या वर आला तर दुसरीचं. पण थर्मामीटर घ्याच, या छंदात यासारखी उपयोगाची वस्तू दुसरी नाही.

काढल्यावर पेपरवर किंवा टिश्यूवर टाकू नका. खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. जाळी हवी, खालून हवा खेळली पाहिजे, काप एकमेकांवर रचायचे नाहीत.

आता डिप, आणि इथे यंदा मला सगळ्यात जास्त आनंद मिळाला. आधी क्रीम फेटून बघितलं होतं. पाकिटातलं साधं फ्रेश क्रीम २५ टक्के फॅटचं असतं, ते फेटून उभं राहत नाही, त्याला निदान ३० च्या वर फॅट लागतं. व्हिपिंग क्रीम आणलं तर उभं राहिलं, पण चव कुठल्याही केकवरची. कंडेन्स्ड मिल्क मला पटतच नाही, त्याने केळ्याची चव मारली जाते. मग नजर गेली आपल्या रोसाकडे, शिरवळ्यांबरोबर (तांदळाच्या शेवयांबरोबर) घेतो तो नारळाचा गोड रस. तो पातळ असतो आणि पातळ डिप भजीत शिरतं, म्हणून त्याला दाट करायचं काम उरलं.

दोन नारळांचा पहिला दाट रस काढते, पाणी अगदी कोमट आणि जेमतेम. साधारण ३०० मिली मिळतो. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला की वर जाड साय धरते आणि खाली पाणी राहतं. साय वेगळी काढायची. खालच्या पाण्यात दीड चमचा तांदळाचं पीठ कालवून मंद आचेवर खिरीइतकं दाट करायचं, त्यात माडाचा गूळ ६० ग्रॅम किसून, चिमूटभर मीठ, वेलची. हे पूर्ण थंड झालं की मग साय घालून फेटायची. साय आचेवर नेलीच नाही म्हणून फुटायची भीती नाही, नारळाचा रस जोरात उकळला की फाटून तेल वेगळं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. चमचा उलटा धरला तर डिप सुटून पडत नाही, तेवढं दाट झालं पाहिजे. माडाचा काळपट गूळच घ्या, त्या धुरकट चवीशी तळलेल्या केळ्याचं जे जमतं ते उसाच्या गुळाने होत नाही. हे डिप त्याच दिवशी संपवायचं, नारळाचा रस टिकत नाही.

दुसरं डिप चक्क्याचं, दही फ्रिजमध्येच टांगून, कारण बाहेर आपल्या हवेत टांगलं की आंबटच होतं. चक्का, थोडं क्रीम, पिठीसाखर, लिंबाची किसलेली साल. हे अननसासाठी केलं होतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि दह्याचं डिप थोड्या वेळात कडू लागायला लागतं. उपाय म्हणजे चकत्या आधी तव्यावर चमचाभर साखर घालून दोन्ही बाजूंनी भाजायच्या, रस आटेपर्यंत. एन्झाइम उष्णतेने मरतं आणि तळणीच्या आड येणारं पाणीही तव्यावरच निघून जातं. भाजलेल्या अननसाची भजी आणि लिंबाचा चक्का, फेणीचा काजूबोंडासारखा मंद वास, हे कॉम्बिनेशन मला केळ्याइतकंच आवडलं, आणि ते पाहुण्यांना देण्यासारखं आहे.

मानकुराद आंबा तळायच्या भानगडीत पडू नका, तो खायचा आहे, आणि रसही फार. चिकूही मऊ पडतो. कापा फणस मात्र डोक्यात आहे, गरे घट्ट असतात आणि पाणी केळ्याइतकंच, बिया काढून त्या पोकळीत खोबरं-गूळ भरून तळायचं असं मनात आहे. पण त्यासाठी पुढच्या मे महिन्याची वाट बघावी लागणार. तोपर्यंत तुमच्यापैकी कोणी वऱ्याचं किंवा नाचणीचं पीठ वापरून कवच केलं असेल तर प्रमाण नक्की सांगा. नाचणीत मला रंग आवडतो पण कवच खरखरीत होतं, कॉर्नफ्लोअर वाढवून बघायचं ठरवलंय, पुढच्या आठवड्यात उरलेल्या सालदाटीवर तोच प्रयोग लावतेय.