दिवे दिसतात, जमीन दिसत नाही

उजळाईवाडीला नाइट लँडिंगची सोय झाली तेव्हा पेठेतल्या मंडळींनी मला गाठून अभिनंदन केलं, जणू दिवे मीच बसवले होते. १९३९ साली, राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला आपला कोल्हापूरचा विमानतळ. तिथं रात्रीची विमानं उतरणार याचा आनंद मलाही झालाच. पण तेव्हापासून एक समज घट्ट बसलाय की दिवे लागले म्हणजे रात्रीचा धोका मिटला. लहान विमानांवर पोरांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि माझं मत उलट आहे. धावपट्टी सापडली नाही तर माणूस मागं तरी फिरतो. धावपट्टी लख्ख दिसते आणि तिच्या अलीकडची जमीन दिसत नाही, तिथं खरा घात होतो.

दिवसा उतरताना डोळा न सांगता मापं घेत असतो. उसाचा फड, विहीर, घरांची कौलं, बांधावरची बाभळ यांच्या आकारावरून आपण किती उंच आहोत ते कळतं. रात्री हे सगळं पुसलं जातं. मुडशिंगी-तामगावकडच्या रानांवर काळोख, पलीकडं गोकुळ शिरगाव एमआयडीसीचा झगमगाट, हायवेवर गाड्यांची रांग, आणि मध्ये धावपट्टीच्या दिव्यांच्या दोन ओळी. काळ्या पट्ट्यावरून येताना डोळा सांगतो, "तू फार वर आहेस." मग माणूस नाक खाली घालतो. याला वैमानिक 'ब्लॅक होल' म्हणतात. बोइंगमधल्या कॉनरॅड क्राफ्ट यांनी १९६०च्या दशकात अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरवर बसवून हे तपासलं होतं. नुसत्या दिव्यांच्या भरवशावर मुरलेले वैमानिकसुद्धा नको तितके खाली आले. तिथं नवख्याची काय कथा.

इचलकरंजीचा एक पोरगा माझ्याकडं सेसना १७२ या लहान विमानावर रात्रीचं शिकत होता. हात चांगला, डोकं थंड. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत शेवटच्या टप्प्यावर आलो, तर हा थ्रॉटल मागं ओढून पॉवर कमी करतोय. मी विचारलं, "का रं?" म्हणाला, "सर, लई वर हाय आपण." धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते, पापी (PAPI) म्हणतात तिला. दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे वर, चारही लाल म्हणजे खाली. आमच्यासमोर तीन लाल झाले होते आणि चौथाही गुलाबी पडायला लागला होता. मी फक्त बोट दाखवलं. त्यानं पॉवर दिली, पण चेहरा असा, की दिवेच बिघडलेत म्हणेल. डोळ्यानं सांगितलेलं खोटं इतकं पटतं!

पापी बंद असेल तर गणित करायचं. तीन अंशांच्या उताराला एका नॉटिकल मैलामागं साधारण तीनशे फूट उंची. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फुटांवर आहे. म्हणजे तीन मैलांवर असताना अल्टीमीटरवर, उंची दाखवणाऱ्या काट्यावर, एकोणतीसशेच्या आसपास आकडा हवा. चोवीसशे दिसत असेल तर बाहेर कितीही छान वाटू दे, तुम्ही उसात निघालाय.

धावपट्टीवर पोचल्यावरही सुटका नाही. शेवटच्या काही फुटांत नाक उचलायचं असतं, ते नेमकं कधी? डांबराचा पोत दिसत नाही, म्हणून कुणी वरच उचलतो आणि धाडकन आपटतो, कुणी उचलतच नाही. जुनी शिकवण अशी, की लँडिंग लाइटच्या उजेडात टायरचे काळे ओरखडे स्पष्ट दिसले की नाक उचलायला हात मागं घ्यायचा. त्याच उजेडात कधी कुत्रं दिसतं, कधी कोल्हं. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

थंडीतलं धुकं तर महाबिलंदर. पाणी पाजलेल्या रानांवर ते पातळ पसरतं. वरून सरळ खाली बघा, सगळे दिवे स्वच्छ. फायनलवर तिरप्या नजरेनं त्याच थरातून बघायची वेळ आली, की दिवे गायब. तापमान आणि दवबिंदू जवळ आले असतील, म्हणजे धुकं धरायची शक्यता असेल, तर मी निघतच नसे.

आणि मोबाइल! डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. शेजारच्या सीटवरच्या पाहुण्यानं एक सेल्फी काढली, की त्या अर्ध्या तासाचं वाटोळं.

जुलै १९९९ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा जॉन केनेडी ज्युनिअर बायको आणि मेहुणीला घेऊन रात्री मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडं निघाले होते. विमान पायपर साराटोगा, खाली समुद्र, हवेत धूसरपणा. नुसत्या उपकरणांवर उडायचं रेटिंग त्यांच्याकडं नव्हतं. क्षितिज हरवलं, तोल कळेना, आणि विमान समुद्रात गेलं. बेटावरच्या धावपट्टीला दिवे नव्हते असं नाही. तिथवर पोचणंच झालं नाही. आपल्याकडं सूर्यास्तानंतर नुसत्या नजरेवर उडायला सहसा परवानगी नसते. स्थानिक उड्डाणं आणि क्लबची ट्रेनिंगची उड्डाणं एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, मंजुरीनं होतात तेवढीच. नियम जाचक आहे अशी ओरड मी पुष्कळ ऐकलीय, ती करणाऱ्यांत मी कधीच नव्हतो.

परवा ओळखीचे एक कारखानदार घरी आले. एका इंजिनाचं छोटं विमान भागीदारीत घ्यायचं त्यांच्या डोक्यात आहे. "आता दिवे आहेत की. मुंबईची मीटिंग संपवायची, नऊला निघायचं आणि घरी येऊन पांढरा-तांबडा ओरपायचा." मी विचारलं, "सह्याद्रीवर मध्यरात्री इंजिन बंद पडलं तर कुठं उतरणार?" तर म्हणाले, "तुम्ही सांगा." म्हटलं, दोन इंजिनांचं विमान, दोन वैमानिक, दोघांकडं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि रात्रीचा ताजा सराव, एवढं जमवा. नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री मुंबईहून सुटते आणि सकाळी कोल्हापुरात आणून सोडते.

"ते ठीक आहे हो," ते म्हणाले, "पण तिचं एसीचं तिकीट मिळतंय कुठं?"