हिरव्या जर्सीची आठवण
आज वास्कोत टिळक मैदानाजवळ हिरव्या जर्सीतल्या साळगावकर फुटबॉल संघाचे काही जुने चाहते भेटले आणि चहाच्या टेबलावर दोन तास कसे गेले ते कळलेच नाही. १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोन वर्षे जिंकलेला फेडरेशन चषक, १९९८-९९ च्या मोसमात गोव्याला पहिल्यांदाच मिळालेले राष्ट्रीय लीगचे विजेतेपद, सगळे त्यांना तोंडपाठ आहे. पण खऱ्या गप्पा रंगल्या त्या ब्रह्मानंद शंखवाळकरांवर. त्यांच्या झेपेचे वर्णन करताना एक काका खुर्चीतून अर्धवट उठले, दोन्ही हात डावीकडे लांबवले आणि चेंडू छातीशी घट्ट धरल्यासारखे क्षणभर तसेच थांबले. भारताचे कर्णधारपद भूषवलेला हा गोलरक्षक आपल्या डोळ्यांदेखत खेळला, याचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. ब्रुनो कुतिन्हो यांच्या गोलांवरही (तो विषय निघणारच) बराच वेळ बोलणे झाले.

२०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या लीगविषयीच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ क्लबने आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा गोव्याच्या फुटबॉलचे मोठे नुकसान झाले, असे मला मनापासून वाटते. या मंडळींच्या आठवणी कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हव्यात, आणि ते काम मी येत्या रविवारपासून सुरू करणार आहे.