बेळगावची वर्गणी : पेटीचरखा, महिना चौथा

जुलैचा हिशोब आधी मांडतो, रडगाणं नंतर. पेटीचरख्यावर, म्हणजे पेटीत मावणाऱ्या चरख्यावर, महिन्याला 2000 वार सूत कातायचं ठरवलं होतं, झालं 1640. माझ्या फाळक्याचा (सूत गुंडाळून मोजायच्या चौकटीचा) एक वेढा चार फुटांचा, त्याला एक तार म्हणायचं, म्हणजे 1230 तार. 640 तारांची एक गुंडी, अशा दोन गुंड्या पुऱ्या व्हायलाही पन्नास तार कमी पडले. बसलो एकूण साडेबारा तास. पाडव्याला सुरुवात केली तेव्हा तासाला पन्नास-पंचावन्न वार निघायचे, आता एकशे तीसच्या आसपास निघतात. जुने कातणारे हा आकडा वाचून हसतील. हसू देत.

2000 हा आकडा कुठून आला, असं गेल्या वेळी दोघातिघांनी विचारलं होतं. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच अधिवेशनाचे. तिथं सभासदत्वाची चार आण्यांची वर्गणी काढून सुताची ठेवली : महिन्याला 2000 वार, तेही सारखं कातलेलं. कोल्हापुराहून बेळगाव म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. म्हटलं, शेजारच्या गावचाच ठराव आहे, आपण निदान वर्षभर भरून बघू. स्वतः कातायचं नसेल तर दुसऱ्यानं कातलेलं सूत द्यायची सवलतही त्या ठरावात होती. ती वाट मी बंद ठेवलीय, नाहीतर इचलकरंजीतून गिरणीच्या सुताचा एक कोन आणला की वर्षाचं काम दुपारी जेवायच्या आत संपेल.

ती अट तेव्हाही फार टिकली नाही. पुढच्याच वर्षी पाटण्याला ती ढिली झाली, वर्षाला चार आणे किंवा 2000 वार. पूर्वी हे वाचलं की वाटायचं, एवढं पण जमेना होय लोकांना? आता नाही वाटत. चार आणे खिशातून काढून दिले की माणूस मोकळा. 2000 वार द्यायचे तर माझ्या हिशोबानं महिन्यातले पंधरा तास बूड टेकून बसावं लागतं, आणि ते वकिलालाही तेवढंच आणि हमालालाही तेवढंच. एवढ्या मोठ्या पक्षाची वर्गणी वेळात मागायची, ही त्या माणसाची कल्पना मला मिठाच्या मुठीपेक्षाही धीट वाटते. इथल्या पापाच्या तिकटीवरून जाताना गांधीजींचा पुतळा दिसतो, तेव्हा आता पहिला विचार येतो तो राहिलेल्या तारांचा. (सत्याचा आग्रह धरणारा माणूस आणि उभा कुठं, तर पापाच्या तिकटीवर! हे कोल्हापूरलाच जमतं.)

आता यंत्राकडे. या महिन्यात तीन भानगडी झाल्या.

पहिली माळेची, म्हणजे चाकानं चाती (सूत गुंडाळणारी सळई) फिरवणाऱ्या दोरीची. पावसात सुती माळ कधी ताणते, कधी सैल पडते. सैल पडली की मोठं चाक फिरतं, चाती मात्र जागेवर. राळेची पूड चोळून बघितली, दोन दिवस बरं चाललं, मग चाकावर चिकट थर बसला. तो खरवडण्यात एक रविवार गेला. आता माळ रोज बसायच्या आधी बोटानं दाबून बघतो आणि गाठ सरकवून घेतो. राळ बंद.

दुसरी, चाती ज्या चामड्याच्या टेकूंत फिरते ते झिजले होते. चाती थरथरायची आणि टोकावर तार तुटायचा. चरखा ज्याच्याकडून घेतला त्याला तीन वेळा विचारलं, उत्तर नाही. शेवटी चप्पल लाईनीत गेलो. एका कारागिरानं तळाच्या चामड्याचा उरलेला तुकडा हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं, “कशाला पाहिजे?” सांगितल्यावर स्वतःच टोच्यानं भोकं पाडून दिली. एक थेंब एरंडेल सोडलं, थरथर गेली. कोल्हापुरी चपलेचं चामडं चरख्याला चालतं, नोंद करून ठेवा.

तिसरी पेटीची. लाकूड फुगलंय, झाकण लागत नाही. यावर उपाय म्हणजे दिवाळी.

पण पावसाचा एक फायदाही झाला. एप्रिल-मेमध्ये तार सारखा तुटायचा, मी हाताला दोष देत होतो. शेजारचे आप्पा शाहू मिलमध्ये कताई खात्यात होते, 2003 ला मिल बंद पडेपर्यंत. ते म्हणाले, “लेका, कापसाला ओल लागती. आमच्या खात्यात मुद्दाम फवारा चालू असायचा.” दमट हवेत कापसाचा धागा जास्त ताण सोसतो, गिरणीत शिकलेली ही गोष्ट त्यांनी पाटावर बसलेल्या मला फुकट दिली. पेळू (कातायला केलेल्या कापसाच्या वळ्या) मात्र डब्यात बंद ठेवा. वर्ध्याहून आणलेले चांगले पेळू मी खिडकीत विसरलो आणि त्यांची गुठळी झाली.

आप्पांना चरख्याचं कौतुक नाही. “राजर्षींनी 1906 ला गिरणी काढली ती काय उगंच?” असं ते एकदा तरी म्हणतातच. पण सूत हातात घेतलं की गप्प होतात, अंगठ्याखालून दोन हात सरकवतात आणि बरोबर जाड जागेवर थांबतात. “हितं पेळू दाबलास.” खरं असतं.

म्हणून या महिन्यात सुताचा नंबर मोजायचंच ठरवलं; नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. रीत सोपी आहे : 100 मीटर सूत वजन करायचं, 59 ला त्या ग्रॅमनी भागायचं, आला नंबर. गुजरीत ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर नेलं. पाडव्याचं सूत 7.4 ग्रॅम, म्हणजे 8 नंबर. जुलैचं 4.9, म्हणजे 12. खूश झालो. मग सोनारच म्हणाला, तुकडे करून तोला की. दहा-दहा मीटरचे तोलले तर कुठं 0.41, कुठं 0.63. सरासरी 12 नंबर, आणि प्रत्यक्षात 9 पासून 14 पर्यंत कुठंही. बेळगावच्या ठरावातला ‘सारखं’ हा शब्द मी चार महिने वाचत होतो, तो गुजरीतल्या काट्यावर कळला.

दोष डाव्या हाताचा आहे. उजवा चाकाची मूठ एका लयीत फिरवतो, डावा मात्र तार लांबला की घाई करतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये वेग बघायचा नाही, तार खांद्यापर्यंत न नेता छातीपर्यंतच ओढायचा, असं ठरवलंय.

वाचता वाचता सापडलेली एक गोष्ट. मार्च 1927 मध्ये गांधीजी खादीच्या दौऱ्यावर कोल्हापुरात आले होते, आणि सभांच्या दगदगीनं त्यांची तब्येत इथंच ढासळली. पुढे आंबोलीला आणि तिथून नंदी हिल्सला विश्रांतीसाठी जावं लागलं. घरात हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग तू कशाला रात्री अकरापर्यंत बसतोस?”

शिल्लक : 360 वार ऑगस्टमध्ये ओढले, म्हणजे आता 2360 द्यायचे. पेळू सव्वाशे ग्रॅम उरलेत, पुरतील. चार महिन्यांच्या सुतातून एक पंचा विणून मिळतो का ते बघतोय. ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) हे सूत टिकेल का, याची आप्पांना खात्री नाही. मलाही नाही. हातमागावर असं असमान सूत घेणारं कुणी माहीत असेल तर सांगा.