मु. पो. सी ड्राइव्ह

आमच्याकडे पाकिटावर पत्ता लिहितात तो आतून बाहेर. आधी माणूस, मग वाडी, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका देवगड आणि शेवटी जिल्हा. संगणक बाहेरून आत येतो. आधी ड्राइव्ह, मग घरातल्या कुणाच्या तरी नावाचा फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, आणि हवा तो कागद पार टोकाला. फोल्डर उघडला की खिडकीच्या माथ्यावर जो आडवा अ‍ॅड्रेस बार दिसतो, त्यात हा पत्ता कायम लिहिलेला असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. लोक पिवळ्या फोल्डरवर टकटक करत आत शिरतात आणि बाहेर यायचं झालं की डावीकडचा मागे जायचा बाण बडवत सुटतात.

मागे जाणं आणि वर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी शिकवलेलंच नसतं. मागचा बाण तुम्ही जिथून आलात तिथे नेतो. वर तोंड केलेला बाण, सध्याचा फोल्डर ज्याच्या पोटात आहे तिथे नेतो. विंडोज एक्सपीत बॅकस्पेस दाबला की वर जाता यायचं. त्यानंतरची विंडोज, व्हिस्टा, आली आणि तोच बॅकस्पेस मागे न्यायला लागला. वर जायचं बटण तर गायबच झालं, ते विंडोज आठमध्ये परत आलं. मधल्या काळात ऑल्ट धरून वरचा बाण दाबायचा, हे ज्याला ठाऊक तो सुटला. बाकीच्यांनी बोटं झिजवली.

पण त्याच व्हिस्टाने, २००७ साली, एक काम झकास केलं. तोवर अ‍ॅड्रेस बारमध्ये सगळा पत्ता एकाच लांबलचक ओळीत असायचा, मधे उलट्या तिरक्या रेघा (\) घातलेला. ती रेघ उलटी का, याची गोष्ट १९८३ची आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरच्या आत फोल्डर करायची सोय आली, तेव्हा सरळ तिरकी रेघ (/) आज्ञांपुढे जोडायच्या खुणांसाठी आधीच वापरात होती. मग उरली ती उलटी घेतली. व्हिस्टाने ही ओळ तोडून प्रत्येक नावाचं वेगळं बटण केलं आणि दोन नावांच्या मधे एक बारका बाण ठेवला. नावावर टिचकी मारली की थेट त्या पायरीवर. बाणावर मारली की त्या पायरीखालचे सगळे फोल्डर यादी उघडून समोर. म्हणजे वर न चढता आडवं जाता येतं. या बाणाचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमचं आडवं जाणं बहुतेक आंब्याच्या हिशेबात असतं. फेब्रुवारीत पहिल्या पेट्या वाशीला गेल्या की व्यापाऱ्याकडून पट्ट्या यायला लागतात. पेट्या किती, फळ केवढं, दर काय, भाडं आणि हमाली वजा जाता हातात काय. पूर्वी त्या तारेच्या आकड्यात टोचलेल्या असत. आता मोबाइलवर फोटो येतो आणि मी तो जागच्या जागी टाकतो: आंबा, त्यात २०२४, त्यात एप्रिल, त्यात वाशी. दादा शेजारी खुर्ची ओढून बसतो, चष्मा कपाळावर चढवतो, पट्टी बघतो, आणि तोंडातून पहिलं वाक्य ठरलेलं: "गेल्या वर्साची दाखय रे."

आता हे गेल्या वर्षाची दाखवणं कसं होतं बघा. वाशीच्या फोल्डरमध्ये बसल्या जागी वर बघायचं. 'आंबा' आणि '२०२४' यांच्या मधल्या बाणावर टिचकी. वर्षांची यादी लोंबते. २०२३ निवडायचं. इथवर छान. पण पुढे? आपण येऊन पडतो २०२३च्या दारात. एप्रिल आणि वाशी मागेच राहिले. परत एप्रिल शोधा, परत वाशीत शिरा. शोधायचंही एक प्रकरण आहे, कारण यंत्र महिने अक्षरांच्या क्रमाने लावतं आणि आमचा हंगाम एप्रिल, फेब्रुवारी, मार्च, मे असा चालू होतो. (त्यासाठी नावाआधी ०२, ०३, ०४ असे आकडे लावायचे असतात. लावा. फुकट आहे.) एवढ्यात पडदा दोन-तीनदा लकाकतो, पेनड्राइव्हवरचे फोटो जास्त असतील तर अ‍ॅड्रेस बारमधून हिरवी रेघ गोगलगायीसारखी सरकत राहते, आणि दादाचा धीर सुटतो. "खंय इलंव आता?"

माझी मागणी एवढीच आहे. मधलं एक नाव बदललं की पुढची शेपूट तशीच राहू द्या. २०२४च्या जागी २०२३ घातलं आणि तिथेही एप्रिलात वाशी असेल, तर मला सरळ तिथेच सोडा. नसेल तर जिथपर्यंत रस्ता आहे तिथपर्यंत न्या. यात अवघड काय आहे? तसा फोल्डर आहे की नाही हे बघायला यंत्राला पापणी लवायच्या आत जमतं.

तोवर उपाय जुनाच. ऑल्ट-डी दाबायचं, किंवा कंट्रोल-एल. बटणं नाहीशी होऊन अख्खा पत्ता अक्षरांत समोर येतो. कर्सर नेऊन चाराचा तीन करायचा आणि एंटर. आपण २०२३च्या एप्रिलात, वाशीत, एका उडीत. कंट्रोल-एल लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपमध्येही चालतं. तिथल्याच केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर फोल्डर दाखवणाऱ्या डॉल्फिनमध्ये एफ-सहा. मॅकवाल्यांच्या फाइंडरमध्ये पत्ता खिडकीच्या तळाशी दाखवायची सोय आहे, पण ती आपण मेन्यूत जाऊन चालू करायची.

अक्षरांतला पत्ता दिसला की आणखी एक गंमत कळते. बटणांवर नुसतं 'डॉक्युमेंट्स' लिहिलेलं असतं, जणू ते स्वतंत्र संस्थान आहे. ऑल्ट-डीने उघडं केलं की खरा पत्ता बाहेर पडतो: सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात तुमचं नाव, त्याखाली कुठेतरी ते डॉक्युमेंट्स. मला हे लपवणं पटत नाही. गावात नव्याने आलेल्या माणसालाही तालुका कोणता ते सांगावं लागतंच.

टाइप करून जायचं तर देवनागरी नावांची वेगळीच कटकट. यंत्र पुढचं नाव सुचवतं खरं, पण पहिल्या अक्षरापासून जुळलं तरच. 'सड्यावरची बाग' हवी असेल तर 'बाग' लिहून उपयोग नाही, 'सड्या'पासूनच सुरुवात करा. शिवाय अर्धा पत्ता रोमन आणि अर्धा देवनागरी, त्यामुळे विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून कळफलक सतत बदलत राहा. आणि पत्त्याची लांबी विंडोजमध्ये मुळात २६० अक्षरांना बांधलेली. २०१६पासून विंडोज दहात ही मर्यादा उठवता येते, पण मुद्दाम सेटिंग बदलावं लागतं. त्या मोजणीत काना, मात्रा, हलन्त सगळे स्वतंत्र धरतात. 'मार्च' आपल्याला दोन अक्षरं, यंत्राला पाच.

मधलं नाव बदलण्याचा अनुभव आमच्या भागाला तसा नवीन नाही. १ मे १९८१ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि घरं जागची न हलता सगळ्यांचे पत्ते बदलले. मुंबईहून येणारी पत्रं पुढेही कितीतरी दिवस 'जि. रत्नागिरी' लिहूनच यायची आणि बिनबोभाट घरी पोचायची, कारण पोस्टमनला माणसं माहीत. एक्सेलला माणसं माहीत नाहीत. पुतण्याने मे महिन्याच्या सुट्टीत येऊन मोठ्या उत्साहाने 'आंबा'चं 'हापूस' केलं, आणि दुसऱ्या ड्राइव्हवरच्या एकत्र हिशेबाच्या शीटने, ज्या फायलींतून आकडे ओढायचं त्या सापडत नाहीत म्हणून हात वर केले.

दादाने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. "वर्सां शेवटाक घाल मगे," म्हणतो. म्हणजे आंबा, मग वाशी, मग एप्रिल, आणि त्याच्या पोटात २०२३ आणि २०२४ शेजारी शेजारी. तसं केलं तर एका बाणात काम होतं, मला मान्य आहे. फक्त सोसायटीत कर्जाच्या वेळी एका वर्षाचं सगळं एकत्र मागतात, तेव्हा मी प्रत्येक महिन्याच्या पोटात हात घालत बसायचं. ते त्याला सांगितलं तर म्हणाला, दोन्हीकडे ठेव. दोन्हीकडे ठेवलं तर दुरुस्ती एकीकडे होते आणि दुसरीकडे चुकीचा आकडा राहतो, हे वहीच्या काळापासूनचं दुखणं आहे. म्हणून वर्ष आहे तिथेच वर आहे, आणि दादाने खुर्ची ओढली की मी ऑल्ट-डीवर बोट ठेवून तयार असतो.