आधी पान उलटून पाहा

गेल्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या गच्चीवरील गुलाबाची पाने बारीक पांढुरक्या ठिपक्यांनी फिकट पडू लागली, तेव्हा मी रोपवाटिकेत सांगितलेले कीटकनाशक आणून दोनदा फवारले, आणि त्रास उलट वाढला. अखेर एक फांदी पांढऱ्या कागदावर झटकली. मिरपुडीसारखे कण पडले आणि क्षणभराने ते चालू लागले. तो लाल कोळी होता. आठ पायांचा हा जीव कीटकच नव्हे, त्यामुळे पुष्कळशी कीटकनाशके त्याला बाधत नाहीत. त्याला खाणारे मित्रजीव मात्र त्यांनी मरतात. पुण्याचा कोरडा उन्हाळा त्याला मानवतो. शेवटी पानांच्या खालच्या बाजूवर रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारल्यावरच तो आटोक्यात आला.

तेव्हापासून मी औषधाआधी भिंग हाती घेते. मिरचीची पाने कडेने वर वळून द्रोणासारखी झाली असतील तर बहुधा फुलकिडे असतात, आणि खाली वळली असतील तर कोळी. आपण मात्र दोन्हींना चुरडामुरडा म्हणून मोकळे होतो. जास्वंदीच्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधावा, कारण त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठीच मुंग्या येतात आणि त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. अशा वेळी लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी घालून संध्याकाळी फवारावे. लिंबाच्या कोवळ्या पानावरची चंदेरी नागमोडी रेघ नागअळीची. ती पानाच्या आत असते, म्हणून ते पानच खुडावे.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, तर काहीही करू नये. ते पान कापणाऱ्या मधमाशीचे काम असते. ती पान खात नाही, घरट्याला अस्तर लावते आणि परागीभवनही करते.

कडीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लहान रोप ती दोन दिवसांत उघडे करते, हे खरे. पण मला तिला मारवत नाही. सोसायटीच्या अंगणात कडीपत्त्याचे मोठे झाड आहे, आणि सापडेल ती अळी मी पानासकट तिथे नेऊन ठेवते.