गच्ची कोणाची, वीज कोणाची?

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातील फ्रायबुर्ग शहरात मी शिकतो. येथील लोक सौरऊर्जेवर बोलू लागले की विषय थोड्याच वेळात पॅनेलवरून मालकीवर येतो. जवळच्या वील गावी १९७५ मध्ये द्राक्षबागायतदार आणि विद्यार्थी यांनी मिळून नियोजित अणुवीज प्रकल्पाची जागा अडवून धरली आणि तो प्रकल्प कधीच उभा राहिला नाही. पलीकडच्या डोंगरातील शोनाऊच्या रहिवाशांनी तर चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर दोन सार्वमते जिंकून १९९७ मध्ये गावातील वीजवितरणाचे जाळेच विकत घेतले.

हे सांगण्यासाठी नागपूरच्या काही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी मला त्यांच्या सौरऊर्जेवरील चर्चेत पडद्यावरून सामील करून घेतले. त्रिमूर्तीनगरातील एका सोसायटीच्या सभागृहात त्यांनी व्यासपीठ मांडले नव्हते. येताना मे महिन्याचे वीजबिल आणा, एवढेच कळवले होते. त्यामुळे माझे शोनाऊ लवकरच मागे पडले, आणि ते योग्यच झाले.

एका काकूंनी बिलावरील युनिटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, “कूलर दिवसभर अन् एसी रात्रभर. ऊन दुपारी, वीज लागते रात्री. मग पॅनेल लावून करायचं काय?” दुपारची जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते, नेट मीटर दोन्ही बाजूंचा हिशेब ठेवतो आणि बिलात वजावट मिळते, असे एका विद्यार्थिनीने नीट समजावले. काकू लगेच म्हणाल्या, “म्हणजे माझं बिल कमी झालं, पण रात्री कोराडीचं कोळशाचं वीजकेंद्र चालूच राहणार ना?” साठवणुकीची सोय होईपर्यंत बहुतांशी हो, असे त्या मुलीने सरळ मान्य केले. संध्याकाळभरातले सर्वांत प्रामाणिक उत्तर मला तेच वाटले.

नागपूरच्या उन्हाचा अभिमान बाळगणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पचवावी लागली. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर पॅनेल साठ अंशांच्या पुढे जाते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक वीज उष्णताच खाते. तरीही वर्षभराचा हिशेब केला, तर तेवढेच पॅनेल फ्रायबुर्गपेक्षा नागपुरात बरीच जास्त वीज देते.

खरी अडचण गच्चीची निघाली. फ्लॅटमध्ये ती सामाईक, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, आणि उरलेल्या जागेवरून जुने वाद. जर्मनीत भाडेकरूही बाल्कनीच्या कठड्याला ८०० वॉटपर्यंतचा छोटा संच लावतात. तो मार्ग आपल्याकडे जसाच्या तसा उचलता येणार नाही. मात्र २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे, तसेच सोसायटीच्या सामाईक वापरासाठीही प्रति किलोवॉट १८ हजार आहेत, हे अनेकांना प्रथमच कळले. लिफ्ट आणि पंपाचे बिल सर्वच भरतात, त्यामुळे त्यावर एकमत होणे तुलनेने सोपे. अध्यक्षांनी विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे कबूल केले.

खसाळ्याकडून आलेले एक शेतकरी मात्र शेवटपर्यंत थांबून राहिले. २०२२ च्या जुलैमध्ये तेथील कोराडी वीजकेंद्राच्या राखेचा बंधारा फुटला, तेव्हाची शेते त्यांनी वर्णन केली. त्यांना बोलायला जेमतेम पाच मिनिटे उरली होती, आणि हा क्रम उलटा हवा होता असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शहराच्या स्वस्त विजेची राख ज्यांच्या दारात पडते त्यांच्याकडे आणण्याजोगे वेगळेच बिल असते. पुढची चर्चा त्यांच्याच गावात घेण्याचे ठरले असून जागा ग्रामपंचायतीकडे मागितली आहे.